पाखरांच्या इर्जिकीला गेलेली गोफण

मित्रांनो, ही हकिकत दोन हजार तेवीस सालच्या उन्हाळ्यातली आहे. त्या साली भाटघर धरणाचं पाणी फाल्गुनातच झपाट्यानं उतरलं, आणि आमच्या गावात दोनच विषय निघू लागले. गाळपेरीची ओल किती दिवस टिकेल, हा एक. टेकाडावरच्या पाखरांचं काय होईल, हा दुसरा. पहिला विषय दरवर्षीचा होता. दुसरा नवा होता, आणि त्याच्यापायी माझ्यासारख्या अडगळीत पडलेल्या म्हातारीला पुन्हा बाहेर यावं लागलं.

मी एक जुनी गोफण आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगते. मला दोन लांब दोऱ्या आहेत आणि त्या दोहोंच्या मधे एक विणलेली खोळ आहे. खोळीत दगड ठेवायचा. एका दोरीच्या टोकाला फास आहे, तो बोटात अडकवायचा. दुसरी दोरी मुठीत धरून मला डोक्याभोवती गरगर फिरवायचं आणि नेमक्या क्षणी मूठ सोडायची. दगड सूं करत जातो आणि मोकळ्या दोरीच्या टोकाचा गोंडा फट्ट वाजतो. अर्धी पाखरं त्या आवाजानंच उडतात.

मला विणलं चिमाजीनं. वरच्या धनगरवाड्यात त्याची मेंढरं आणि शेरडं होती. शेळीच्या काळ्या केसांचं सूत काढून त्यानं मला आठ दिवसांत पुरी केली. त्याच साली सगुणाबाई लग्न होऊन गावात आल्या होत्या, आणि नव्या सुनेला माळ्यावर बसून राखण करायला गोफण हवी होती. चिमाजीनं मला ओढून, ताणून, पाण्यात भिजवून पाहिलं आणि त्यांच्या हातात देताना म्हणाला, "पोरी, ही तुझ्या म्हातारपणापतुर टिकंल. तू टिक म्हंजी झालं."

दोघीही टिकलो.

ते दिवस फार चांगले होते. जोंधळा हुरड्यात आला की सगुणाबाई दिवस उगवायला माळ्यावर चढायच्या. मी त्यांच्या हातात असायची. शेताच्या मधोमध माझा जोडीदार उभा असायचा, मडक्याच्या डोक्याचं बुजगावणं. आम्ही दोघं एकाच धंद्यातले. ते एका जागी उभं राहून भीती घालायचं, मी लांबवर जाऊन. पाखरांना माझ्याइतकं ओळखणारं त्या शिवारात दुसरं कोणी नव्हतं. चिमण्या कशाला भितात, साळुंक्या किती वेळात परत येतात, पोपटांचा म्होरक्या कुठल्या झाडावर बसतो, सगळं मला पाठ होतं.

सगुणाबाईंचा नेम गावात नावाजलेला होता. एकदाच चुकला. शेजारचा रायबा तेव्हा मिसरूड फुटलेला गडी होता. तो डोक्यावर पाण्याची घागर घेऊन बांधावरून चालला होता, आणि माझ्यातून सुटलेला दगड नेमका घागरीवर बसला. भिजलेला रायबा वर बघून म्हणाला, "वहिनी, म्या काय तुमचा जोंधळा खाल्ला व्हय?" पुढं पन्नास वर्षं ही गोष्ट तो दर लग्नात सांगत आला. आपला नेम चुकला नव्हताच, असं सगुणाबाई त्यावर म्हणायच्या.

मग काळ बदलला. जोंधळा कमी झाला. ज्यांनी पेरला त्यांनी वर जाळी टाकली. कोणी फटाके लावायचे, कोणी मोबाईलवर ससाण्याचा आवाज लावून ठेवायचे. मी खुंटीवर गेले. शेजारी एक मोडकी छत्री टांगलेली होती, तिच्याशी गप्पा मारत मी बारा-चौदा वर्षं काढली. मधेच कोणी तरी मला काढून सरपणाची मोळी बांधायला नेत असे. मित्रांनो, ज्या दोरीनं आभाळात दगड भिरकावले तिला मोळी बांधावी लागते तेव्हा काय वाटतं, ते मोळी बांधलेल्या दोरीलाच कळतं. असो.

आता टेकाडाविषयी सांगते.

धरण भरलं की त्याचं पाणी डोंगरांच्या मधून आमच्या गावापर्यंत येतं. त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, गाळाची जमीन उघडी पडते, आणि त्या ओलीवर लोक पेरतात. त्याच फुगवट्यात एक चपटं टेकाड आहे. धरणाआधी तिथं जुन्या गावाचं खळं होतं म्हणे, म्हणून त्याला खळ्याचं टेकाड म्हणतात. होळीच्या सुमारास ते पाण्यातून वर येतं. चारी बाजूंनी पाणी असतं तोवर तिथं कोणी जात नाही. हेच हेरून एका जातीची पाखरं तिथं अंडी घालायला येतात. अंग राखाडी, डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीसारखी पिवळी, पाय लालबुंद. गाव त्यांना पिवळचोच्या म्हणतं. शाळेतल्या शेफालीबाईंनी त्यांचं पुस्तकातलं नाव सांगितलं, नदीसुरय. घरटं बांधत नाहीत. जमिनीत वाटीएवढा खळगा करतात आणि त्यात दगडांच्या रंगाची दोन-तीन अंडी घालतात.

सगुणाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांच्या थव्यानं पाणी पांढरं दिसायचं. आता उरली होती जेमतेम वीस-एकवीस जोडपी. चैत्रात पाणी आणखी उतरलं की टेकाड आणि काठ यांच्यामधे चिखलाची वाट तयार होते. त्या वाटेनं कुत्री जातात, गुरं जातात, शनिवार-रविवारी पाण्याकाठी बसायला आलेली शहरातली माणसं जातात. एका दुपारीत सगळी अंडी संपतात.

"सा वर्सं झाली," सगुणाबाई एके दिवशी शेफालीबाईंना म्हणाल्या, "म्या एक बी पिल्लू उडताना बघितलं न्हाई."

"आजी, ही सगळी जुनीच पाखरं आहेत," शेफालीबाई म्हणाल्या. "नवी भर पडतच नाही. यंदा पिल्लं वाचली नाहीत, तर पुढं किती वर्षं येतील सांगता येत नाही."

त्या संध्याकाळी सगुणाबाईंनी मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि कमरेला खोचलं. छत्रीचा निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

पण एक अडचण होती. त्या सालची टेकाडाची गाळपेर रायबाच्या नावावर होती. रायबाकडं तीन म्हशी आणि बैलांची जोडी. उन्हाळ्यात हिरवा चारा कुठून आणायचा, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता. तो टेकाडावर कडवळ पेरणार होता. सगुणाबाई त्याच्या गोठ्यावर गेल्या.

"रायबा, औंदा टेकाड मोकळं ठेव."

"आन् म्हसरांनी काय, पाखरं खायची?"

"माझ्या गाळपेरीत कडवळ ढोपराएवढं झालंय. त्यात सोड तुझी म्हसरं."

सगुणाबाईंची एक गाय होती आणि तो चारा तिच्यासाठी होता, हे रायबाला माहीत होतं.

"कुठवर?"

"आखितीपतुर."

"आखितीला म्या तिफण घिऊन येनार. तवा पिल्लं उडाली असली तर उडाली. मागनं रडायचं न्हाई."

"न्हाई रडत. वई म्या सोता काढून दीन."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया आणि वई म्हणजे काट्यांचं कुंपण. ते अजून घातलंही नव्हतं, पण सगुणाबाईंनी शब्द देऊन टाकला.

कुंपण घालणं एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. आमच्या भागात अशा वेळी इर्जिक घालतात. एखाद्याचं काम त्याला एकट्याला उरकत नसलं की सारं गाव एक दिवस त्याच्या रानात उतरतं. मजुरी नाही. ज्याचं काम असेल त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढीच रीत. देवळापुढं माणसं जमली तेव्हा सगुणाबाईंनी इर्जिकीचं नाव काढलं आणि रायबानं लगेच विचारलं, "इर्जिक तर इर्जिक. पर यजमान कोन? पाखरं जेवाण घालनार व्हय?"

सगळे हसले. तेवढ्यात सगुणाबाईंची जुनी मैत्रीण सोजराबाई पदर खोचत उठली. "पाखरांच्या वतीनं म्या रांधीन. भाकरी, आमटी, भात."

"यजमान दिसभर मासं धरत्यात," रायबा म्हणाला, "आन् आमाला आमटी?"

"तुला मासं पायजे तर तू बी पान्यात सूर मार," सोजराबाई म्हणाली, आणि इर्जिक ठरली.

दिवस ठरला रविवारचा. नेमकं त्याच दिवशी शेफालीबाईंना शाळेच्या कामासाठी भोरला जावं लागलं. जाण्याआधी त्यांनी प्रत्येक खळग्याच्या जवळ एक पांढरा खडा ठेवला होता आणि बजावलं होतं, "टेकाडावर जाऊ नका. जावंच लागलं तर सकाळी लवकर, आणि लगेच माघारी या." त्या एसटीत बसून गेल्या.

सकाळी पंचवीस-तीस माणसं काठावर उतरली. गावातल्या टेम्पोवाल्या बंडूनं कापूरहोळला भाजी पोचवून येताना टेम्पोतून पानशेतकडच्या आपल्या मेहुण्यांनाही आणलं होतं. बायकांनी काठावरच्या बाटल्या, पिशव्या, तुटकी जाळी गोळा केली. गड्यांनी बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि चिखलाच्या वाटेवर आडवी वई घातली. काम इतकं चोख झालं की मुंगूस शिरलं नसतं. नऊ वाजता सगळं आटोपलं, आणि इथंच, मित्रांनो, चूक झाली. कामातल्या माणसाला काम संपलेलं सोसत नाही.

"वई झाली," बंडू म्हणाला, "पर कावळ्याघारींचं काय? राखन म्हंजी बुजगावनं पायजेच की."

हे सगळ्यांना पटलं. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी राखण केली, त्यांना बुजगावण्याशिवाय राखण सुचावी कशी? बांबू आले, मडकं आलं. मडक्याला चुन्याचे डोळे काढले. बंडूनं अंगावर घालायला आपला लग्नातला सदरा दिला, कारण तो त्याला आता होत नव्हता.

"बंडू," रायबा ते बघून म्हणाला, "ह्ये तुझ्यापरिस देखनं झालंय."

"आन् कामाला बी बरं," सोजराबाई म्हणाली. "जागचं हलत न्हाई."

पांढरे खडे बघत, पाऊल जपून टाकत बंडू आणि त्याचा एक मेहुणा टेकाडावर गेले. पाण्याच्या कडेला, काठाच्या बाजूला, त्यांनी बुजगावणं रोवलं. रायबानं लांबून ओरडून सांगितलं, "खोल रोव, वाऱ्यानं पडंल." बंडूनं वीतभर खड्डा केला, दोनदा दाबल्यासारखं केलं आणि माघारी आला. वई बंद झाली. माणसं हातपाय धुऊन करंजाच्या सावलीत जेवायला बसली.

मी सगुणाबाईंच्या कमरेला होते. तिथून मला टेकाड दिसत होतं. अर्धं आयुष्य मी बुजगावण्याच्या जोडीनं काढलं होतं. त्याचं काम काय असतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मडक्याचं ते डोकं कावळ्याला निवडून भीती घालत नाही. ते सगळ्यांना घालतं. पिवळचोच्या आपल्या अंड्यांवर उतरायला येत होत्या, बुजगावण्याचा सदरा हलला की वर जात होत्या, पुन्हा येत होत्या. खाली उघड्यावर अंडी होती आणि वर चैत्राचं ऊन. पाऊण तास झाला. मला बोलता येत असतं तर मी तेव्हा बोलले असते. पण गोफणीला आवाज असतो तो दुसऱ्यानं फिरवल्यावर.

"बघा, कशी खुशीत वरडत्यात," बंडू भाकरी मोडत म्हणाला.

सगुणाबाईंनी घास उचलला होता. तो तसाच हातात राहिला.

"सोजरा, ती पाखरं खाली का बसंनात?"

"बसतील की. तू जेव आधी."

"न्हाई. ही फिरकी माझ्या वळखीची हाय. जोंधळ्यात बुजगावनं हुभं केलं की अशीच फिरायची. ना जवळ, ना लांब." त्यांनी घास ताटात ठेवला. "सोजरा, आपुन त्यांनाच हाकून लावलं की गं."

सोजराबाईच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. बंडूचा चेहरा बघवत नव्हता. तो ताटावरून उठला आणि वईकडं पळत सुटला.

"थांब," रायबा म्हणाला. "वई काढाय अर्धा तास. आन् तू आसा पळत आत गेलास की उरलीसुरली तुझ्या पायाखाली."

"मग काय करू, नाना?"

रायबानं बंडूकडं बघितलंच नाही. त्यानं सगुणाबाईंच्या कमरेकडं बघितलं. "वहिनी, ती निस्ती मिरवाय आनलीया व्हय?"

मित्रांनो, चौदा वर्षांनी मी हातात आले. सगुणाबाईंचं वय तेव्हा बहात्तर होतं. त्या काठाशी गेल्या. बुजगावणं सत्तर-ऐंशी पावलांवर असेल, आणि त्याच्या पलीकडं दहा पावलांवर पहिला पांढरा खडा.

"दगूड नगं," त्या म्हणाल्या. "चुकला तर अंडी फोडील." त्यांनी ओल्या गाळाचा गोळा वळला, लिंबाएवढा, आणि माझ्या खोळीत ठेवला.

पहिल्या फेकीला त्यांचा खांदा कुरकुरला आणि गोळा अलीकडंच पाण्यात पडला. दुसरा गोळा डावीकडून लांब गेला. माझाही एक पीळ उसवला होता, ते मला जाणवत होतं. सगुणाबाई दम खात उभ्या राहिल्या. मागून रायबा हळूच म्हणाला, "वहिनी, माझी घागर समजा."

सगुणाबाईंच्या तोंडावर हसू आलं आणि खांदा मोकळा झाला. तिसऱ्यांदा मी डोक्याभोवती फिरले, तीन वेढे, आणि मूठ सुटली. गोळा सदऱ्याच्या बरोबर छातीवर बसला. बुजगावणं मागं कललं, थांबलं, विचार केल्यासारखं हललं, आणि हळूहळू पाण्याच्या बाजूला आडवं झालं. बंडूनं वीतभरच खड्डा केला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आळस कोणाच्या तरी उपयोगी पडला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे जागच्या जागी खाली बसले. एक पिवळचोची पाण्यावर उतरली, पोट बुडवून वर आली आणि थेंब गाळत आपल्या खळग्यावर जाऊन बसली. मग दुसरी. मग बाकीच्या. अंडी गार करायला त्या असं पोट भिजवून आणतात, हे शेफालीबाईंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र गावानं ते पहिल्यांदाच डोळे भरून पाहिलं. एवढी वर्षं पाखरं इथंच होती, आणि आम्ही त्यांच्याकडं फक्त हाकायला बघत होतो.

संध्याकाळी शेफालीबाई एसटीतून उतरल्या तेव्हा बंडू थांब्यावरच उभा होता. त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक माझीही आहे. काय करू नका ते सांगितलं, का करू नका ते सांगितलं नाही."

एकवीस खळग्यांपैकी पाच खळग्यांतली अंडी त्या दिवशी वाया गेली. हे मी झाकून ठेवणार नाही. सोळा उरले.

मग राखणीच्या पाळ्या लागल्या. बुजगावणं नाही, कोणी आत जायचं नाही, काठावर करंजाखाली बसून फक्त बघायचं. धनगरवाड्यातून चिमाजीची लेक रतनबाई आली आणि माझा उसवलेला पीळ नव्या केसांनी विणून गेली. कुत्री वईकडं आली की सगुणाबाई मला रिकामीच फिरवायच्या. फट्ट आवाज झाला की कुत्री मागं फिरायची, आणि टेकाड तिथून इतकं लांब होतं की पाखरं मानही वळवायची नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्र्यांनी वाटच बदलली. शहरातून आलेल्या माणसांना सोजराबाई सांभाळायची. ती त्यांना सावलीत बसवून ताक द्यायची, पाखरं दाखवायची, आणि ताक पिऊन झाल्यावर त्यांच्याच हातात पिशवी देऊन काठावरचा कचरा उचलायला लावायची. एकानंही नाही म्हटलं नाही. ताक प्यालेला माणूस नाही कसं म्हणणार?

आखितीच्या आठवडाभर आधी अंडी फुटली. पण पिल्लं उडायला महिना लागतो. सगुणाबाईंनी शब्द देताना हा हिशेब धरलाच नव्हता.

आखितीच्या सकाळी रायबा आला. गाळ मऊ होता, ट्रॅक्टर रुतला असता, म्हणून बैलजोडी आणि तिफण घेऊन आला. काठावर सारं गाव जमलं होतं. बंडू काही तरी बोलायला पुढं झाला, तर सगुणाबाईंनी त्याला हातानं थांबवलं. मग त्या वाकल्या आणि वईच्या काट्या एकेक करून बाजूला काढू लागल्या. हाताला काटे लागत होते. कोणाला मदत करू दिली नाही. वाट मोकळी झाली तेव्हा त्या कडेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जा."

रायबा बैल घेऊन टेकाडावर चढला. पाखरांनी आभाळ डोक्यावर घेतलं. एक पाखरू तर त्याच्या फेट्यावर शिटून गेलं. चार पावलं गेल्यावर डावा बैल थांबला आणि फुरफुरला. रायबानं खाली बघितलं. तिफणीच्या वाटेत एक अंड्याएवढा ठिपक्यांचा दगड होता. तो बाजूला करायला तो वाकला, तर दगड उठला आणि लटपटत तीन हात पळून पुन्हा दगड झाला. रायबानं दुसरीकडं पाय टाकायला उचलला, तर तिथलाही दगड पळाला. एक पाय वर धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

मग त्यानं बैल जागच्या जागी सावकाश वळवले आणि आल्या पावलांवर पाऊल ठेवत माघारी आला.

"काय झालं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"वहिनी, त्या रानात दगडं पळाय लागल्याती," रायबा फेटा पुसत म्हणाला. "असल्या रानात म्या पेरत नसतो." आणि बंडूकडं वळून म्हणाला, "बघत काय ऱ्हायलास? घाल की वई."

सगुणाबाईंनी रडणार नाही असा शब्द दिला होता. तो मात्र त्यांना पाळता आला नाही.

त्या संध्याकाळी सोजराबाई घरोघर फिरली. "पाखरांची इर्जिक झाली, आता म्हसरांची," असं ती दारात उभी राहून म्हणायची. दिवस मावळेपर्यंत रायबाच्या गोठ्यापुढं पेंढ्यांचा ढीग लागला. रायबा कुरकुरला, की एवढं ठेवू कुठं. त्यातल्या काही पेंढ्या त्यानं गुपचूप सगुणाबाईंच्या गाईपुढं नेऊन टाकल्या. मी खुंटीवरून पाहिलं.

वैशाखाच्या शेवटी सव्वीस पिल्लं उडाली.

आता त्या सगळ्यांचं पुढं काय झालं, ते सांगते. शेफालीबाईंची बदली झाली. त्या वरंधा घाटाखाली, कोकणातल्या एका खाडीकाठच्या शाळेत गेल्या. तिथं खाडीच्या चिखलात पाखरं उतरतात आणि तिवरांच्या मुळांत प्लॅस्टिक अडकतं. गेल्या माघात त्यांनी निरोप धाडला, तर बंडूचा टेम्पो भरून गाव घाट उतरलं. कामाला हात लावण्याआधी सगळे तासभर काठावर गप्प बसून राहिले. खाडीची माणसं चकित झाली, ही कसली मदतीला आलेली माणसं? मग दिवसभर सगळ्यांनी मिळून प्लॅस्टिक काढलं.

बंडूला आता आसपासच्या गावांत बोलावतात. बुजगावण्याची गोष्ट तो स्वतःच्या तोंडानं सांगतो, काही लपवत नाही. तो मूळचा आळशी माणूस, पण या कामाला पहाटे उठतो.

सोजराबाई गेली. मागच्या पावसाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. तिचं ताकाचं मोठं पातेलं काठावर करंजाखालीच असतं. रतनबाई ते भरते. तिचं ताक थोडं आंबट होतं, पण तसं कोणी बोलून दाखवत नाही.

रायबानं पुढल्या साली पलीकडच्या काठाची गाळपेर मागून घेतली. पाखरांपायी आपलं नुकसान झालं, असं तो सांगत असतो, आणि टेकाडाकडं एखादं जनावर वळलं तर सगळ्यांआधी तोच धावतो.

आणि माझं म्हणाल, तर मी आता खुंटीवर नसते. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं माणूस किंवा जुनी वस्तू असेल, तर तिला मोळी बांधायला नेऊ नका. तिला काय येतं, ते एकदा विचारा. आणि कोणाच्या मदतीला जाल, तो माणूस असो, पाखरू असो, नाही तर पाण्याचा काठ असो, तर आधी थोडा वेळ त्याच्याजवळ गप्प बसा. त्याला काय हवं आहे, ते तोच दाखवतो.

सगुणाबाईंना आता लांबचं दिसत नाही. चैत्र आला की त्या रोज संध्याकाळी काठावर येतात आणि मला मांडीवर घेऊन बसतात. रायबा शेजारी बसतो आणि टेकाडाकडं बघून आज किती पाखरं बसली, ते मोजून सांगतो. तो दर वेळी थोडी जास्तच सांगतो. मला ते दिसतं. सगुणाबाईंनाही ते ठाऊक आहे. त्या नुसती मान हलवतात आणि म्हणतात, "लई झाली की रे."

आणि मित्रांनो, दरवर्षी त्याला थोडं कमी खोटं बोलावं लागतं.